मेडिकल टाकताय? मग फार्मासिस्टच्या रिफ्रेशर कोर्सची तारीख मालकाला पाठ हवी



मेडिकल दुकानाच्या भांडवलावरचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. जागा किती, रॅक किती, फ्रीज कुठला, पहिला स्टॉक किती रुपयांचा, सगळं त्यात आहे. एक गोष्ट त्यात राहून गेली. खरं सांगायचं तर राहून नाही गेली, मी टाळली. कारण ती सांगायची म्हणजे स्वतःची चूक सांगावी लागते. आज लिहितो.

दुकान माझं आहे. शिक्षण बी.बी.ए. म्हणजे मी मालक होऊ शकतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची एक पट्टीसुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकत नाही. औषध नियमावलीतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ तेच बोलतं, आणि ते मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे. त्यामुळे तुमच्यापैकी जे कॉमर्स, आर्ट्स किंवा बी.बी.ए.वाले मेडिकल टाकायचं म्हणताहेत, त्यांनी हे नीट समजून घ्या. तुमचं दुकान तुमच्या पैशावर उभं असतं, पण चालतं ते दुसऱ्या माणसाच्या प्रमाणपत्रावर. (होलसेलला नियम वेगळा आहे, तिथे अनुभव असलेला पदवीधरही चालतो. आज फक्त रिटेलबद्दल बोलू.)

आणि ते प्रमाणपत्र एकदा मिळालं की जन्मभर पुरतं असं नसतं. त्याचं नूतनीकरण करावं लागतं. कलम ३४ प्रमाणे नूतनीकरणाची फी वेळेत भरली नाही तर रजिस्ट्रार नाव काढून टाकतो. फी भरून नाव परत लागतं, पण मधल्या दिवसांचं काय? शिवाय २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले. त्यांच्यामुळे नुसती फी भरून भागत नाही. पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करावे लागतात, प्रत्येक कोर्स किमान एका दिवसाचा. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल हे बघतं, त्यांचं ऑफिस मुंबईत मुलुंडला आहे.

पाच वर्षांत दोन दिवस. ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

माझ्याकडे काय झालं

आमच्याकडच्या फार्मासिस्ट मॅडम कामाला एकदम चोख. अक्षर कसंही असू दे, चिठ्ठी बरोबर वाचणार. शंका आली तर डॉक्टरांना फोन लावणार, अंदाजाने कधीच देणार नाहीत. त्यांचा एक रिफ्रेशर आधीच्या नोकरीत असताना झालेला होता. दुसरा बाकी होता. एके दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, रविवारी जिल्ह्याला रिफ्रेशर आहे, मला जायला पाहिजे."

दिवाळीच्या आधीचा रविवार. आमच्या गावचा बाजार रविवारी असतो, आजूबाजूच्या खेड्यांतली सगळी माणसं त्या दिवशी येतात आणि महिन्याची औषधं घेऊन जातात. मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या वेळी गेलं तर चालेल का? आत्ता गर्दी आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. पुढची तारीख आली तेव्हा त्यांच्या मुलाला ताप होता. त्याच्या पुढची माझ्या लक्षातच नव्हती. लक्षात ठेवायचं काम त्यांचं, असं मी धरून चाललो होतो. मुदत संपली, अर्ज अडकला आणि मला पत्ताच नाही. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र छान लटकत होतं. रोज सकाळी त्याच्याखाली उदबत्ती लावत होतो, पण खालची तारीख कधी वाचली नाही.

तीन आठवड्यांनी औषध निरीक्षक तपासणीला आले. बिलं पाहिली, फ्रीजचं तापमान पाहिलं, एक्सपायरीचा कप्पा पाहिला. सगळं ठीक. मग म्हणाले, "फार्मासिस्टचं रिन्यूअल दाखवा." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून आठवतो. त्यात राग नव्हता, नुसतं "मी विचारलं होतं ना दादा" एवढंच होतं.

निरीक्षकांचं काहीच चुकलं नाही, हे आधी सांगतो. त्यांनी जे होतं ते अहवालात लिहिलं. त्याच दिवसापासून मी चिठ्ठीवरची विक्री बंद केली. मॅडमना लगेच जवळपास कोर्स मिळेना. शेवटी शेजारच्या जिल्ह्यातला मिळाला, तो करून, कागद जोडून, रिन्यूअल हातात यायला १२ दिवस गेले. पुढे कारणे दाखवा नोटीस आली, उत्तर दिलं, आणि ५ दिवसांसाठी परवाना निलंबित झाला. एकूण १७ दिवस.

आता हिशोब, कारण तुम्ही त्यासाठीच येता. माझी औषधांची विक्री तेव्हा रोज साधारण १५,००० होती. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के, बाकीच्यांवर साधारण २० टक्के मिळतं. सरासरी १८ धरा. म्हणजे दिवसाचे २,७०० रुपये, गुणिले १७ बरोबर ४५,९००. भाडं, लाईटबिल, पगार चालूच. मॅडमचा पगार मी कापला नाही, कापायचा प्रश्नच नव्हता.

पण खरं नुकसान या आकड्यात नाही. बीपी, शुगर, थायरॉइडचे माझे साठेक कायमचे पेशंट होते. अशा माणसाला गोळी आज हवी असते, सतरा दिवसांनी नाही. ते समोरच्या चौकातल्या दुकानात गेले. तिथला माणूसही चांगला आहे, मग परत का येतील? निम्मे आले. उरलेले आजही रस्त्यात भेटले की हसतात, पण औषध तिकडेच घेतात.

कोणी म्हणेल, बदली फार्मासिस्ट का नाही ठेवला? प्रयत्न केला. तालुक्याच्या गावात मोकळा बसलेला नोंदणीकृत फार्मासिस्ट सापडत नाही. आणि नवीन माणूस ठेवला तरी ते कळवावं लागतं: जबाबदार फार्मासिस्ट बदलला तर एका महिन्याच्या आत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सांगायचं, ही लायसन्सची अट आहे. आपल्या लायसन्सच्या कागदावर मागे छापलेल्या अटी किती जण वाचतात? मी वाचल्या नव्हत्या.

एका दिवसात असं काय शिकवतात?

हा प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये नेहमी येतो. "सर, दहा वर्षं काउंटरला असलेल्या माणसाला काय नवीन शिकवणार?" मीसुद्धा मनातून हेच म्हणत होतो. म्हणून मॅडम कोर्सहून आल्यावर त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, काय काय झालं ते सांगा. त्यानंतर मी स्वतः वाचायला लागलो. तेव्हा कळलं की या धंद्यात मालाचा नियम मालापेक्षा लवकर एक्सपायर होतो.

उदाहरणं देतो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झालं. सुरुवातीला ४६ औषधं त्यात होती: वरच्या पिढीतली काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, काही सवय लागणाऱ्या गोळ्या. ही औषधं देताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. ज्या फार्मासिस्टचं शिक्षण २००५ ला संपलं, त्याला कॉलेजात हे कोण शिकवणार? तेव्हा शेड्यूल एच१ नव्हतंच.

दुसरं, बंदी घातलेली कॉम्बिनेशनं. एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात ना, त्यातली कित्येक केंद्र सरकारने वेळोवेळी बंद केली आहेत. मार्च २०१६ ला ३४४, सप्टेंबर २०१८ ला ३२८, ऑगस्ट २०२४ ला १५६. काल दुपारपर्यंत तुम्ही जो डबा विकत होता तो आज सकाळी विकता येत नाही. वेळेत कळलं तर माल स्टॉकिस्टला परत पाठवता येतो. उशिरा कळलं तर तो माल तुमच्या गळ्यात, आणि चुकून एखादी पट्टी गेली तर त्याची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात. काहींवर कोर्टबाजी होते, यादीत बदल होतात, तेही माहीत ठेवावं लागतं. इथे फार्मासिस्टचं ज्ञान म्हणजे सरळ सरळ तुमचा वाचलेला स्टॉक आहे.

तिसरं, टीबी. २०१८ पासून टीबीची औषधं घेणाऱ्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं मेडिकलवाल्यांनाही बंधनकारक आहे. आपल्याकडच्या किती दुकानदारांना हे माहीत आहे? आणि हे नुसतं कागद काळे करणं नाही बरं का. टीबीचा पेशंट दोन महिन्यांनी बरं वाटलं की औषध सोडतो, त्याचा आजार मग औषधाला दाद देत नाही आणि घरातल्या पोराबाळांना लागतो. कळवलेलं असेल तर सरकारी यंत्रणा त्याच्या मागे लागू शकते.

चौथं छोटं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ठरावीक ३०० ब्रँडच्या पॅकवर क्यूआर कोड किंवा बारकोड असणं सक्तीचं झालं. मालावर संशय आला तर बॅच, एक्सपायरी, उत्पादक तिथेच ताडून पाहता येतं. बनावट माल दुकानात शिरू नये म्हणून हे वापरायची सवय आमच्या मॅडमनी लावली, मी नाही.

आणि एक गोष्ट अशी, जिच्यामुळे माझं मत खरंच बदललं. दिसायला आणि ऐकायला सारखी नावं असलेली औषधं. मॅडमनी कोर्सहून आल्यावर आमची आख्खी मांडणी बदलली. आधी सगळं ए बी सी डी प्रमाणे होतं, म्हणजे सारख्या नावाच्या गोळ्या शेजारी शेजारी. त्यांनी अशा जोड्या वेगवेगळ्या कप्प्यांत टाकल्या आणि कप्प्यावर लाल पट्टी चिकटवली. मला वाटलं उगाच खटाटोप. पंधरा दिवसांनी गर्दीच्या वेळी आमच्या काउंटरच्या पोराचा हात चुकीच्या डब्याकडे गेला, लाल पट्टी दिसली आणि त्याने मॅडमना हाक मारली. आजोबांची शुगरची गोळी होती. बाकी काही लिहीत नाही.

"सर, भाड्याने सर्टिफिकेट मिळतं की"

हे मला दर बॅचला कोणीतरी चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतं. फार्मासिस्टचं प्रमाणपत्र महिन्याच्या ठरावीक रकमेवर भिंतीला लावायचं, माणूस दुसरीकडेच कुठेतरी, काउंटरला मालक किंवा त्याचा भाचा. हा प्रकार चालत आलाय हे काही गुपित नाही. २०११ नंतर महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट हजर आहे की नाही हे राज्यभर कडक तपासलं गेलं. संघटनांनी विरोध केला, बंदही झाले. पण तेव्हापासून निदान सगळ्यांना कळलं की भिंतीवरचा कागद म्हणजे माणूस नव्हे.

ते बेकायदेशीर आहे, हे झालंच. धंद्याच्या नजरेनेही बघा. ज्या माणसाने कागद भाड्याने दिलाय, त्याला तुमच्या दुकानाची काय पडली आहे? तो रिफ्रेशरला जाईल? गेला नाही तर तुम्हाला सांगेल? कुठली कॉम्बिनेशनं बंद झाली ते फोन करून कळवेल? तुम्ही महिन्याला पैसे देणार आणि बदल्यात दुकान बंद पडण्याची जोखीम विकत घेणार. पगार परवडत नाही म्हणून हा रस्ता धरणार असाल तर थांबा, तुमच्या जागेत मेडिकल चालण्याइतका धंदा नाही असा त्याचा अर्थ आहे. दुसरं काहीतरी टाका. मी मदत करतो.

मग मालकाने करायचं काय?

नोकरीवर घेतानाच विचारा. पगाराचं बोलणं होतं, सुट्टीचं होतं, हे होत नाही. नोंदणी प्रमाणपत्र, शेवटच्या रिन्यूअलची पावती आणि केलेल्या रिफ्रेशरची प्रमाणपत्रं, तारखांसकट, तिन्ही मूळ कागद बघा. झेरॉक्सवर समाधान मानू नका. आधीच्या दुकानातून त्यांचं नाव निघालंय का, तेही विचारा. एकाच वेळी दोन दुकानांत एक फार्मासिस्ट दाखवता येत नाही. आणि विचारताना पोलिसासारखं विचारू नका. समोरचा शिकलेला माणूस आहे, तुमच्या दुकानाचा कणा होणार आहे.

नेमणूक पत्रात एक ओळ टाका की रिफ्रेशर कोर्सचा दिवस भरपगारी आणि फी, प्रवास, जेवण दुकानाकडून. मला मागच्या वेळी एस.टी., जेवण आणि फी सगळं धरून हजाराच्या आतबाहेर खर्च आला. ४५,९०० च्या शेजारी ठेवून बघा. बी.बी.ए.ला "ट्रेनिंग हा खर्च की गुंतवणूक" यावर मी चांगलं दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. दुकानात आल्यावर विसरलो.

तारखा दोन ठिकाणी लिहा: एक तुमच्या मोबाईलमध्ये, एक काउंटरच्या आतल्या बाजूला. रिन्यूअलच्या सहा महिने आधीचा गजर लावा, महिनाभर आधीचा नको, कारण कोर्स तुमच्या सोयीने होत नाहीत आणि जवळचा भरला तर दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. पाच वर्षांतला पहिला कोर्स पहिल्या दोन वर्षांतच उरकायचा. दुसरा चौथ्या वर्षी. पाचवं वर्ष मोकळं ठेवायचं, कारण मुलांना ताप येतो, लग्नं निघतात, बाळंतपणं असतात. स्त्री फार्मासिस्ट असेल तर हे जास्त सांभाळा. प्रसूतीच्या रजेच्या वर्षात तिला कोर्सला पळवायची वेळ यायला नको.

आता नाजूक भाग, कोर्सच्या दिवशी दुकानाचं काय? फार्मासिस्ट नाही म्हणजे चिठ्ठीवरची औषधं नाहीत. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड विकता येतील, पण खरं सांगू का, दुकान अर्धं उघडं ठेवलं की ओळखीचा माणूस येतो आणि म्हणतो, "अरे एकच पट्टी दे ना, रोजचीच आहे." तुम्हाला नाही म्हणता येत नाही. त्यापेक्षा शटर खाली. मी आठ दिवस आधी बोर्ड लावतो: "फार्मासिस्ट प्रशिक्षणासाठी जाणार असल्याने रविवारी दुकान बंद." कायमच्या पेशंटना मॅडम दोन दिवस आधी फोन करून विचारतात, गोळ्या किती उरल्यात. आणि गंमत म्हणजे त्या बोर्डाने धंदा कमी झाला नाही. एक रिटायर्ड गुरुजी बोर्ड वाचून आत आले आणि मॅडमना म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून शिकता? बरं आहे." त्यानंतर त्यांच्या घरातली सगळी औषधं आमच्याकडून जातात.

अजून एक. फार्मासिस्टने काउंटरला स्वच्छ पांढरा कोट घालावा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बॅज असावा, हे त्याच २०१५ च्या नियमांत आहे. कोट दुकानाने शिवून द्या, दोन द्या, एक धुवायला. गिऱ्हाईक त्या कोटाकडे बघून प्रश्न विचारतं: जेवणाआधी की नंतर, दुधासोबत चालेल का. त्या दोन मिनिटांसाठी ते ऑनलाईनचं डिस्काउंट सोडून तुमच्याकडे येतं. औषधामुळे काही त्रास झाल्याचं कोणी सांगितलं तर तो कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे, तोही काउंटरला चिकटवून ठेवा.

आमच्या मॅडमचा पुढचा रिफ्रेशर या वर्षी आहे. तारीख यायची आहे, पण आली आणि ती बाजाराच्या रविवारी असली तरी त्या जाणार, हे त्यांना मीच आधी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "दादा, दिवाळीच्या आधीचा रविवार असला तरी?" मी म्हणालो, "असला तरी." मग त्या हसल्या. मला वाटतं त्या जुन्या गोष्टीवर आमच्यात पहिल्यांदाच मोकळं बोलणं झालं.

प्रमाणपत्रं, रिन्यूअल आणि कोर्सच्या तारखा टिपायला मी वापरतो ती एक्सेल शीट व्हिडिओच्या खाली ठेवली आहे. तीन कॉलम आहेत, मोबाईलवर उघडते. ज्यांचं दुकान आधीच चालू आहे त्यांनी आज रात्री गल्ला मोजून झाला की फ्रेमजवळ जा, खालची तारीख वाचा आणि पहिल्या ओळीत भरा.